पिग्मीवाली

सकाळी दहाला पापाच्या तिकटीपासून माझी फेरी सुरू.
खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात पतसंस्थेचं यंत्र,
तळहाताएवढं, उन्हात तापणारं.
फुलवाल्याचे वीस, काकवीवाल्याचे पन्नास,
मुमताजभाभींचे तीस, तेही सुट्टे,
मोजताना बोटांना लागतो बांगड्यांचा बारीक चुरा.
"वर्षाच्या शेवटी बघा, कशी रक्कम फुगते,"
असं मी रोज चाळीस वेळा म्हणते.
चाळीस वेळा खरं बोलते.

रात्री मात्र
दिवा घालवला की माझा अंगठा
वेगळ्याच गल्लीत शिरतो.
तिथं घासाघीस नाही,
"परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या" असं तोंडावर टाकणारं कुणी नाही.
लसूण सोलायचं यंत्र. चंद्राच्या आकाराचा दिवा.
स्लीपर, ढगावर चालल्यासारखं वाटेल असं लिहिलेली.
ढगावर कोण चालून आलंय, कुणास ठाऊक.
कुठल्या देशात बनली, ते खोक्याच्या बुडाला,
मुंगीच्या अक्षरांत.

सुरुवात झाली सीपीआरच्या बाकावर.
आत आई, बाहेर मी,
डॉक्टर उद्याचं काही सांगत नव्हते.
मी एक झारा मागवला, सिलिकॉनचा, लाल.
फोन म्हणाला, उद्या संध्याकाळी सातपर्यंत पोचेल.
उद्याबद्दल इतक्या खात्रीनं
त्या आठवड्यात दुसरं कुणीच बोललं नव्हतं.

झारा सातला आला.
झारा अजून आहे.

मग परवाच्या उन्हाळ्यात
माणिक पोवारांच्या दुकानी रोजचे शंभर घेताना
त्यांची नजर माझ्या पायांवर.
ढगाचा तळ उकललेला, मी डिंकानं डकवलेला.
"ताई, आमचं पैकं सांभाळतासा, आन पायात ह्ये?
रोज आमच्या दारावनं जातासा की वो."
लाज वाटली. रागही आला,
गिऱ्हाइकानं एजंटचा हिशेब काढू नये.
मागं सत्यव्वा चामड्याची वेणी घालत होत्या,
तीन पेड, दातांत एक टोक धरून,
शाळेला निघालेल्या पोरीची घालावी तशी भरभर.
ह्यांच्या शंभरात अशा किती वेण्या,
तीन वर्षं चिठ्ठ्या फाडून मी कधी मोजलं नव्हतं.

पायताण अकराशेचं.
घरी जाऊन पार्सलांची यादी काढली, खाली खाली सरकवत गेले,
वर्षाचे नऊ हजार चारशे साठ,
आणि घरात नजर फिरवली तर दिसत काहीच नाही.
माझ्या स्वतःच्या पिग्मीवर
फेब्रुवारीपासून शून्य, शून्य, शून्य.

हळदीच्या रिकाम्या डब्यात रोज तीस टाकले.
पिग्मीत दहा, लाजेपुरते.
सदतीस दिवस लागले.
मधे एकदा डबा उघडून
त्यातनं केसांच्या पिना आणल्या, हेही सांगते,
आणि दुसऱ्या दिवशी साठ भरले.

सत्यव्वांनीच पायात सरकवलं, अंगठा दाबून बघितला.
"एरंडीचं तेल लावा. पयले आठ दिस चावतंय.
मग तुमच्या पायाचं हुतंय."
चावलं. महाद्वार रोडभर चावलं,
करकर वाजत, दुकानदार मान वर करून बघत.
दुसऱ्या सकाळी माणिकरावांनी शंभर दिले,
वीसच्या पाच नोटा,
एकीवर हळदीचा डाग.
मी काही बोलले नाही.
यंत्रानं चिठ्ठी काढली.

आता रात्रीचे साडेअकरा.
टाचेवर तेलाचं बोट, दार बंद, फोन उशाला.
टोपलीत एक मेणबत्ती पडून आहे, सुवासाची, दोनशे एकोणपन्नास.
काढून टाकली नाही.
आज घेतली नाही.
उद्याचं मी कसं सांगू.